डायवरला ऐकू येत नाही

हर्णे बंदरावर संध्याकाळी लिलावाच्या वेळी उभं राहून 'डायवर!' अशी हाक मारली, तर निदान तीस-चाळीस माणसं वळून बघतील. इथे होडी म्हटली की तिच्यावर एक तांडेल, एक डायवर आणि बाकीचे खलाशी. मी ज्या डायवरमामांबद्दल सांगणार आहे ते मात्र वळून बघणार नाहीत. त्यांना ऐकू येत नाही.

आणि त्यांना गाडीही चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुण्या-मुंबईची माणसं 'डायवर' म्हटल्यावर त्यांच्या हातात किल्ली द्यायला जातात. होडीवरचा डायवर म्हणजे इंजिनवाला. सुकाणू तांडेलाच्या हातात. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, माघारी कधी फिरायचं, सगळं तांडेल ठरवणार. डायवर खाली, इंजिनाच्या शेजारी, डिझेलच्या वासात. मामांनी ३२ वर्षं हे काम केलं. "मामा, खोल समुद्र कसा दिसतो?" असं माझ्या मुलीने एकदा त्यांना विचारलं (ओरडून, तीनदा), तर म्हणाले, "काय की बाय. मी खाली होतो."

हर्ण्यात होडीची ऐपत सिलिंडरवर मोजतात. हा दोन सिलिंडरवाला, तो तीन सिलिंडरवाला, आणि सहा सिलिंडरवाला म्हणजे मग विचारूच नका, त्याच्याकडे लग्नाची पत्रिका द्यायला माणूस जातो तोसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून. मामांची हयात सहा सिलिंडरच्या शेजारी गेली. ही इंजिनं बरीचशी ट्रकच्याच घराण्यातली. फरक इतकाच, की ट्रकवर इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये पत्रा असतो, आणि धूर सायलेन्सरमधून सभ्यपणे मागे जातो. होडीवर एक लोखंडी पाइप आभाळाकडे तोंड करून उभा असतो. त्याला सायलेन्सर म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणायचं.

अशा जागी एकेका फेरीला तीन-तीन, चार-चार दिवस काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालं. कानाच्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की बारीक आवाज गेले, जाड राहिलेत. इंजिनाच्या गोंगाटाने जाणारे कान असेच जातात म्हणे. आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येईनासं होतं. मामींची पट्टी वरची. त्या लिलावात बोली लावतात तेव्हा आवाज फत्तेगडापर्यंत पोचतो. घरात तो डायवरमामांपर्यंत पोचत नाही. मुलाने हौसेने कानाचं यंत्र आणून दिलं. मामांनी ते आठ दिवस लावलं आणि काढून डब्यात ठेवलं. का, तर म्हणे कुकरची शिटी, शेजारची कोंबडी आणि मामी सगळं एकदम ऐकू यायला लागलं आणि इंजिन ऐकू येईना.

आता या माणसाकडे, ज्याला ऐकू येत नाही आणि गाडी चालवता येत नाही, हर्णे-पाजपंढरीपासून मुरूड-कर्द्यापर्यंतचे लोक आपल्या जुन्या गाड्या आणतात आणि विचारतात, "मामा, बघा हो, हिला काय झालंय."

मामांच्या पडवीत खुर्ची नाही. उलटा ठेवलेला एक सिलिंडर हेड आहे, त्यावर गोणपाट. पाहुणा त्यावर बसतो. उंबऱ्याच्या कडेने जळके वॉल्व मातीत खोचलेत, पावसाळ्यात अळंबी उगवावीत तसे. भोक पडलेल्या एका पिस्टनमध्ये मामींची पेन्सिल आणि उधारीची वही. बोंबील वाळवायची दोरी एका टोकाला माडाला आणि दुसऱ्या टोकाला मेलेल्या क्रँकशाफ्टला बांधलेली. हा सगळा मामांचा मेहनताना. ते पैसे घेत नाहीत, पाना हातात धरत नाहीत, बॉनेट उघडायला लावत नाहीत. एकच अट: निदान बरोबर निघालं, तर जो भाग मेला असेल तो आणून द्यायचा. चुकलं तर चहा मामांकडून. मामी सांगतात की घरात चहाची पावडर त्या मानाने फार खपत नाही.

मामा गाडी कशी बघतात ते सांगतो. गाडी चालू ठेवायची. मामा आधी बॉनेटवर पंजा ठेवतात, थोपटल्यासारखा. मग तोच पंजा मडगार्डवर, मग दारावर, असं करत मागे जातात आणि सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवे बसतात. तिथे ते बराच वेळ बसतात. पंजा पाइपापासून वीतभर लांब धरलेला असतो. मधूनच नाक पुढे करतात. बंदरावर जन्म गेलेल्या माणसाच्या नाकाची एक गंमत आहे: त्याला मासळीचा वास येत नाही, तो त्याच्या लेखी हवेचाच वास. त्यामुळे उरलेले वास त्याला इतरांपेक्षा जास्त येतात.

आणि हे सगळं चालू असताना गाडीचा मालक बोलत असतो.

जुन्या गाडीचा मालक फार बोलतो. "सर्व्हिसिंग एकदाही चुकवलं नाही." "कालपर्यंत लोण्यासारखी होती." "ऑइल मी स्वतः उभं राहून बदलून घेतो." "किनाऱ्यावर? छे छे, किनाऱ्यावर कशाला नेईन!" आणि मडगार्डच्या आत कर्द्याची वाळू ओली. मामा "हां... हां..." करत मान हलवत असतात. ते हां संसारात कमावलेलं आहे. मालकाला वाटतं, काय लक्ष देऊन ऐकतो हा माणूस! पुण्याच्या गॅरेजात कोण इतकं ऐकून घेतं!

मामांचा भाचा रस्त्याला लागून छोटं गॅरेज चालवतो. तो एकदा मला म्हणाला, "आमी मालकाचं ऐकतो आनि तितंच फसतो. तो म्हनतो काल प्लग बदलला, की आमी प्लग सोडून बाकी सगळं बगतो. मामाला कान असते तर मामा पन आमच्यासारकाच चुकला असता." भाच्याकडे आता स्कॅनर आहे. नव्या गाडीला खालून लावला की मोबाइलवर बिघाडाचा नंबर येतो. मला वाटलं होतं मामा त्या यंत्राला नाकं मुरडतील. उलट त्यांना ते पसंत पडलं. दोनदा हातात घेऊन बघितलं आणि भाच्याला म्हणाले, "बरा हाय. हा पन मालकाचं ऐकत न्हाय."

धुराच्या बाबतीत मात्र मामा स्वतः बोलतात, आणि बोलतात ते इंजिन चालू असल्यासारखं, म्हणजे अर्ध्या आळीला ऐकू जाईल असं. थंडीच्या सकाळी गाडी चालू केली आणि मागून पांढरं निघालं की पर्यटक घाबरतात. मामा त्यांना हाताने बसा म्हणतात. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. लिटरभर पेट्रोलमागे जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन पाइपातून जातं. गार पाइपात त्या वाफेचं धुकं होतं, एवढंच. पाच-दहा मिनिटांत ते गेलं तर चहा प्या आणि जा. गाडी चांगली तापल्यावरही पांढरं थांबत नसेल, रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल आणि वास गोडुस असेल, तर मामा मालकाच्या खांद्यावर हात ठेवतात. हेड गॅस्केट.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, हे कुणीही सांगेल. कुठून जळतंय ते मामा विचारतात. चालू करताना एक भपकारा आणि मग साफ, म्हणजे रात्रभर ऑइल वॉल्वच्या सीलमधून थेंब थेंब उतरलं. चढावर जोर लावताना निळा, म्हणजे रिंगा. "उटल्या उटल्या खोकला आला तर वय झालं म्हनायचं," मामा सांगतात, "चढताना आला तर छाती."

काळा धूर मामांना फारसा आवडत नाही. त्यात गूढ काही नसतं. पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर तुंबला असेल, कार्ब्युरेटर गळत असेल, चोक अडकला असेल. मुंबईहून आलेलं एक कुटुंब काळा धूर सोडत बंदरापर्यंत आलं होतं. मामा मागे जाऊन बसले, उठले, पुढे आले, खिडकीतून हात घातला आणि डॅशबोर्डाच्या खुंटीवर अडकवलेली बाईंची पर्स काढून बाईंच्या मांडीवर ठेवली. ती खुंटी चोकची होती. पर्सच्या वजनाने तो महाडपासून ओढलेलाच होता. त्या दिवशी मेहनताना काय मागायचा हा प्रश्न पडला, कारण मेलेलं काहीच नव्हतं.

कानांची उणीव मामांना एकाच ठिकाणी जाणवते. इंजिनाला जिथे सायलेन्सरचा पुढचा पाइप जोडतात तिथली गॅस्केट फुटली की टिक्-टिक् असा बारीक आवाज येतो, थेट टॅपेटसारखा. अर्धे मेकॅनिक टॅपेट काढून बसतात. पत्रा तापून फुगला की फट बुजते आणि आवाज आपोआप जातो, म्हणून दुपारी गाडी दाखवायला नेली तर तुम्ही खोटे पडता. मामांना तो आवाज सकाळीही ऐकू येत नाही आणि दुपारीही. ते उदबत्ती मागवतात. बॉनेट उघडायला लावण्याचा हा एकच प्रसंग. गार इंजिन चालू करायचं, उदबत्ती जोडाच्या कडेने सावकाश फिरवायची. जिथे धुराची सरळ रेघ थरथरते किंवा बाजूला ढकलली जाते तिथे फट. भाच्याच्या गॅरेजात ग्रीस, रॉकेल आणि मोगरा असा जो मिश्र वास येतो त्याचं कारण हे.

एक जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते. होड्या वर ओढतात, झापांनी शाकारतात. मामा तेव्हा मोकळे असतील असं वाटतं, पण त्यांचा हंगाम तोच. बंदी उठायच्या आधी एकेक इंजिन चालू करून बघतात तेव्हा प्रत्येकाला मामा हवे असतात. मामा होडीवर चढत नाहीत. गुडघाभर पाण्यात उभे राहून होडीच्या फळीवर पंजा टेकतात. मग पुढची होडी. एखाद्या शाळेत डॉक्टर येऊन ओळीने पोरं तपासतात, तसं. "तिसरा सिलिंडर झोपलाय," असं सांगून पुढे जातात आणि मागे तांडेल-डायवर यांचं भांडण लागतं.

गेल्या दिवाळीत कुणीतरी बॅटरीवरची मोटार घेऊन आलं. पोरांनी मुद्दाम तिला मामांकडे आणलं. मामांनी बॉनेटवर पंजा ठेवला. मडगार्डवर ठेवला. मागे गेले, उकिडवे बसले, पाइप शोधला, सापडेना. गाडीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. मग मालकाला म्हणाले, "चालू करा." मालक म्हणाला, "चालूच आहे." मामांना ऐकू आलं नाही. हाताने किल्ली फिरवायची खूण केली. मालकाने हाताने चालू असल्याची खूण केली. मामांनी पुन्हा पंजा ठेवून बघितला आणि मालकाकडे फार कणवेने बघत म्हणाले, "चालू झाली की आना."

आता आमच्या गाडीची गोष्ट. हर्णे माझी सासुरवाडी. माझे सासरे, अण्णा, मुंबईत बँकेत होते, निवृत्त होऊन इथे येऊन राहिले. त्यांची १९९६ साली मुंबईत घेतलेली मारुती ८०० त्यांनी मला दिली. सासऱ्याने दिलेली गाडी हे फार नाजूक प्रकरण असतं. तिला काही झालं तर ते गाडीला झालेलं नसतं, जावयाने केलेलं असतं.

तिला झालं असं, की सपाटीवर ठीक, चढावर मरगळ. आसूदची चढण लागली की दुसऱ्यावरून पहिल्यावर, आणि पहिल्यावरही अशी कण्हायची की डोक्यावर मोळी घेतलेल्या बायका आम्हाला मागे टाकून जायच्या आणि वळणावर थांबून बघायच्या, येताहेत की नाही. पुण्यातल्या एका गॅरेजने प्लग बदलले. दुसऱ्याने कार्ब्युरेटर साफ केला. तिसऱ्याने क्लच प्लेट बदलली आणि तरीही फरक पडेना तेव्हा "इंजिन उतरवावं लागेल" असं, डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात त्या आवाजात सांगितलं. पीयूसी मात्र दर वेळी निघत होतं. जागेवर उभ्या गाडीच्या पाइपात नळी घालून जे मोजतात त्यात चढ कुठे येतो?

हर्ण्याला आलो की गाडीजवळ सडक्या अंड्यासारखा वास यायचा. घरातले म्हणायचे, बंदर आहे, वास येणारच.

शेवटी मीच अण्णांच्या नकळत गाडी मामांच्या पडवीसमोर नेली. नकळत कसलं! मी उतरतोय तोवर अण्णा चालत मागून हजर. त्यांनी मामांना गाडीचा इतिहास सांगायला सुरुवात केली. १९९६ मध्ये नंबर लावून घेतली. पहिल्या तीन वर्षांत काम म्हणून काढलं नाही. दर मे महिन्यात आणि गणपतीत मुंबई-हर्णे, कधी तक्रार नाही. अलीकडेच काय ती... इथे त्यांनी माझ्याकडे बघितलं. मामा "हां... हां..." करत होते. अण्णांचं पंधरा मिनिटं चाललं होतं आणि मला पहिल्यांदाच बहिरेपणाचा हेवा वाटला.

मामा मागे बसले. पंजा धरला. भाच्याला पायाने रेस द्यायची खूण केली. भाच्याने दिली. मामांनी भुवया वर केल्या, पंजा आणखी जवळ नेला, पार पाइपाला लावला. निरोगी ८०० असती तर तीन सिलिंडरचे ठोके तळहातावर एकामागून एक आपटले असते. इथे दाराच्या फटीतून यावी तशी नुसती गरम झुळूक येत होती. मामांनी दोनदा नाक ओढलं. उठले, हात पंचाला पुसले आणि मला म्हणाले, "जावयबापू, जेवन बरं हाय?"

"कुणाचं?"

"हिचं."

मी मान हलवली. पेट्रोल तर बेसुमार पीत होती.

"जेवते बराबर. कोटा साफ न्हाय."

मग खुलासा त्यांनी हातानेच केला. एका मुठीत श्वास घेतल्यासारखं, दुसरी मूठ घट्ट बंद. जे आत जातं ते बाहेर पडायला वाट नाही, तर आत आणखी येणार कुठून? सपाटीवर थोडं थोडं सोडून भागतं. चढावर भागत नाही. अण्णा म्हणाले, "शक्य नाही, सायलेन्सर मी गेल्याच वर्षी नवा टाकलाय." हर्ण्याच्या खाऱ्या हवेत इंजिनाआधी सायलेन्सर मरतो, आतून गाडीचंच पाणी आणि बाहेरून समुद्राचं, त्यामुळे अण्णांचं म्हणणं खरंही असेल. पण ते ऐकायला मामा नव्हते. मामा भाच्याला गाडीखाली घालत होते.

पुढच्या पाइपाचे बोल्ट सोडायचे ठरले. त्यांच्यावर गंज असा बसलेला की कुठे बोल्ट संपतो आणि कुठे पाइप सुरू होतो ते कळेना. रॉकेल सोडलं, चहा झाला, पुन्हा रॉकेल सोडलं. दोन सुटले, एक तुटला. पाइप जोडापासून बोटभर खाली आला. मामांनी पुढचं दार उघडलं, माझ्या शेजारच्या सीटवर बसले आणि समोर हात दाखवला: चला, कड्यावर.

अंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचा चढ म्हणजे या भागातल्या जुन्या गाड्यांची तोंडी परीक्षा. मी गाडी सुरू केली. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या होत्या. त्यानंतर हर्ण्याने एवढा आवाज ऐकला असेल असं मला वाटत नाही. सायलेन्सरशिवाय ८०० एवढी बोंब मारू शकते याची मला कल्पना नव्हती. लिलावातली माणसं बोली थांबवून बघायला लागली. दुकानांतून लोक बाहेर आले. मागच्या सीटवर अण्णा हळूहळू खाली सरकत गेले आणि आडखळ गावापर्यंत आरशात त्यांची फक्त टोपी उरली. मी ओरडून काहीतरी विचारलं, मलाच ऐकू आलं नाही. भाचा मागून ओरडत होता, त्याच्या तोंडाची नुसती उघडझाप. आणि मामा? मामा आपल्या राज्यात होते. एक बोट वर: गिअर टाक. पंजा खाली: हळू. मूठ हलवली: दाब अजून. इंजिनाशेजारच्या गोंगाटात ३२ वर्षं ज्या खुणांनी त्यांनी संसार केला त्या सगळ्या आज उपयोगी पडत होत्या. त्या वीस मिनिटांत गाडीत ज्याला सगळं कळत होतं असा एकटाच माणूस होता.

खाडीवरचा पूल गेला, चढ आला. मी सवयीने पहिल्यावर टाकायला गेलो तर मामांनी माझा हात धरला. दुसऱ्यावरच राहू दे. ८०० दुसऱ्यावर, चार माणसं घेऊन, तिसऱ्याची भाषा करत वर चढली. देवळाजवळ थांबवून इंजिन बंद केलं तेव्हा कान वाजत होते. खाली समुद्रात सुवर्णदुर्ग दिसत होता. मामा म्हणाले, "आता कसं, आयकायला येतंय!"

अण्णांनी देवापुढे पाचाची नाणी टाकली आणि परतीच्या प्रवासासाठी चालत जाण्याचा प्रस्ताव मांडला.

बाकीचं काम दापोलीत झालं. पाइप पूर्ण उतरवला तेव्हा सायलेन्सर नवाच होता, अण्णा खोटं बोलत नव्हते. चोंदला होता तो त्याच्या पुढचा डबा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. चारही महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल गाडीला तो बसवणं सक्तीचं झालं. अण्णांनी गाडी मुंबईत घेतली म्हणून तिच्या पोटात तो आला; रत्नागिरीत घेतली असती तर कदाचित आलाच नसता. या डब्यात चिनी मातीचं बारीक जाळीचं पोळं असतं, धुरातलं विष त्याच्यावर जळून जावं म्हणून. त्याला शिसं असलेलं पेट्रोल चालत नाही. आणि बिनशिशाचं पेट्रोल देशभर झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. म्हणजे पहिली तीन-चार वर्षं अण्णा ज्या मे महिन्यांत आणि गणपतींत दिमाखाने मुंबई-हर्णे करत होते, वाटेत मिळेल ते भरत होते, तेव्हाच तो बिचारा कामातून गेला असणार. पुढे कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल सोडायला लागला, न जळालेलं पेट्रोल त्या डब्यात जाऊन जळायला लागलं, पोळं तापून तापून फुटलं आणि त्याचे तुकडे आडवे बसले. अंड्याचा वासही तिथलाच. बंदराची उगाच बदनामी झाली.

मी हे सगळं अण्णांना सांगितलं नाही. जावयाने सांगू नयेत अशा काही गोष्टी असतात. नवा डबा बसवला, गाडी आता आसूद तिसऱ्यावर चढते, आणि अण्णा सगळ्यांना सांगतात की शेवटी त्यांनी सांगितलं होतं तसंच निघालं, इंजिनाला काही झालेलंच नव्हतं.

जुना डबा गॅरेजवाल्याने स्वतःकडे ठेवून घेतला. "असू दे इथेच, तुम्ही कुठे ओझं नेता," इतक्या मायेने म्हणाला की मी मान हलवली. घरी आल्यावर कळलं की त्या पोळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा मुलामा असतो आणि मेलेल्या डब्यालाही भंगारात भाव येतो. पण मामांचा मेहनताना राहिला होता. परत गेलो, बरीच घासाघीस केली, आणि पोळ्याचा मूठभर तुकडा मिळवला.

तो मामांना दिला तेव्हा त्यांनी डोळ्यापुढे धरून उजेडात बघितला. शेकडो बारीक चौकोनी भोकं, आरपार. पडवीत तो ठेवायला जागा शोधेपर्यंत मामींनी येऊन तो हातातून घेतला, धुतला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. आता त्यात उदबत्त्या लावतात. काडी खालून थोडी तासावी लागते.